बडोद्यात इतिहासफेरी काढायची आहे? मग आधी एवढं करा

गणेशोत्सव मंडळ असो, शाळेचा माजी विद्यार्थी संघ असो की सोसायटीतली चार हौशी मंडळी, बडोद्यात कधी ना कधी कुणीतरी म्हणतंच, "आपण एक हेरिटेज वॉक काढू या." ठरलं की दोन दिवसांत मार्ग तयार होतो: काळा घोडा, न्यायमंदिर, मांडवी आणि शेवटी सेव-उसळ. माहिती मोबाइलवर आलेल्या मेसेजमधून गोळा होते. फेरी मजेत पार पडते, फोटो चढतात आणि दहा अर्धवट गोष्टी आणखी पन्नास जणांच्या डोक्यात पक्क्या होतात.

शाळेच्या पुस्तकातला इतिहास परीक्षेनंतर बहुतेक जण विसरतात. पुतळ्यातून, चौकाच्या नावातून, जयंतीच्या मिरवणुकीतून आणि गाइडच्या तोंडून कानावर पडलेला मात्र आयुष्यभर टिकतो, मतपेटीपर्यंत पोचतो. बडोद्यापासून नव्वदेक किलोमीटरवर, केवडियाला २०१८ मध्ये सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला. तो बघायला बडोद्यावरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं की बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, आणि पुढे १९५१ मध्ये भारत सरकारने महाराज प्रतापसिंहरावांची मान्यताच काढून घेतली? गायकवाडी अभिमान आणि पटेलांचा अभिमान एकाच घरात सुखाने नांदतात, कारण दोन्ही गोष्टी एका दमात कुणी सांगत नाही.

तुम्ही फेरी काढणार म्हणजे या कामात तुम्हीही उतरलात. खालची पद्धत छोट्या गटाला झेपेल अशी आहे. दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

पहिली पायरी: आधी प्रश्न, मग मार्ग

"बडोद्याचा इतिहास" हा विषय दोन तासांत मावत नाही. एक प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर शोधायला जिथे जावं लागेल त्या पाच-सहा जागाच निवडा. "या शहरात कुणाची आठवण कुणी जपली?" हा प्रश्न मला सर्वात उपयोगी वाटतो, म्हणून पुढची उदाहरणं त्यालाच धरून आहेत. "बाजार कसे हलले?", "पाणी कुठून यायचं?", "मुली शाळेत कधी जायला लागल्या?" हे प्रश्नही चालतील.

मार्ग आखताना मराठी माणसाची एक खोड सांभाळायची. आपलं बडोदं पिलाजीराव गायकवाडांपासून सुरू होतं. पण लहेरीपुरा, चांपानेर, पाणी आणि गेंडी या चार दरवाज्यांमधलं जुनं शहर गुजरातच्या सुलतानांच्या काळातलं आहे. प्रतापनगरकडचा हजिरा ही अकबराचा सरदार कुतुबुद्दीन मुहम्मद खान याची कबर. १७३४ मध्ये बडोदं कायमचं गायकवाडांच्या हाती आलं तेव्हा इथे नांदतं गाव होतंच. एक तरी थांबा गायकवाडांच्या आधीचा घ्या. वेळ नाही म्हणून तोच गाळलात, तर तीही निवडच झाली, आणि फेरीतल्या एखाद्याच्या ती बरोबर लक्षात येते.

दुसरी पायरी: प्रत्येक जागेची दोन सालं लिहा

वहीत दोन रकाने करा. एकात घटना केव्हाची, दुसऱ्यात तिची आठवण कधी उभी राहिली. एवढ्यानेच निम्मं काम होतं, कारण पुतळा किंवा पाटी ज्याच्याविषयी असते त्याच्यापेक्षा ती लावणाऱ्यांविषयी जास्त सांगते.

सयाजीबागेच्या तोंडाशी असलेला काळा घोडा घ्या. महाराज सयाजीराव तिसरे घोड्यावर बसलेले आहेत. हा पुतळा त्यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाचा, १९०७ च्या सुमाराचा; महाराज गेले १९३९ मध्ये. म्हणजे राजा हयात असताना, त्याच्याच राजधानीत उभी राहिलेली ही कृतज्ञता आहे. त्यामुळे ती खोटी ठरत नाही, पण निधनानंतर पन्नास वर्षांनी उभ्या राहिलेल्या पुतळ्याहून तिची जात वेगळी आहे, आणि हे फेरीत सांगायला हवं.

न्यायमंदिराची इमारत १८९६ ची. ती बांधली बाजारासाठी, सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ. त्या १८८५ मध्येच वारल्या होत्या. पुढे तिथे न्यायालय आलं आणि लोकांच्या तोंडी न्यायमंदिर हेच नाव बसलं. चिमणाबाईंचं नाव रावपुऱ्याच्या टॉवरलाही आहे, पण तिथेही लोक "रावपुरा टॉवर"च म्हणतात. दोन इमारती एका बाईच्या नावाच्या आणि दोन्हींवरून तिचं नाव बोलण्यातून गळालेलं. "कुणाची आठवण कुणी जपली" या प्रश्नासाठी याहून चांगला थांबा शहरात नाही.

खंडेराव मार्केटमध्ये आज महानगरपालिका बसते. इथे फार रेंगाळू नका. रहदारी फार असते आणि सांगण्यासारखं दोन वाक्यांचं आहे.

कीर्तिमंदिर १९३६ चं, गायकवाड घराण्याच्या पूर्वजांसाठी. आतली भित्तिचित्रं नंदलाल बोस यांची. हिंदुस्थानात स्वातंत्र्याची चळवळ भरात असताना एक संस्थानिक आपल्या घराण्याचं स्मारक उभारतो आणि चित्रं काढायला शांतिनिकेतनच्या राष्ट्रीय विचारांच्या चित्रकाराला बोलावतो. यावर दहा मिनिटं बोलता येईल. आत जायला मिळेल की नाही हे मात्र आधी विचारून ठेवा.

तिसरी पायरी: आकड्यांची झडती

बडोद्यात पाहुणा आला की त्याला पहिल्या अर्ध्या तासात सांगितलं जातं, "लक्ष्मीविलास पॅलेस बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे." हे वाक्य तुमच्या संहितेत येणारच. येण्याआधी ते तपासा. कसं तपासायचं ते इथे सविस्तर दाखवतो, कारण हीच रीत बाकी सगळ्या "सर्वात मोठं", "सर्वात पहिलं" दाव्यांना लागू पडते.

मेसेजमध्ये दोन आकडे असतात: लक्ष्मीविलास ३,०४,९२,००० चौरस फूट आणि बकिंगहॅम ८,२८,८२१ चौरस फूट. आधी साधा भागाकार करा. उत्तर येतं जवळजवळ ३७. म्हणजे मेसेजमधले आकडेच मेसेजमधल्या "चौपट"ला साक्ष देत नाहीत. आता पहिला आकडा एकरात करून बघा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. भागलं की बरोबर ७०० येतात, अपूर्णांकही उरत नाही. राजवाड्याच्या भोवतीचा जमीनजुमला सातशे एकरांचा सांगितला जातो. कुणीतरी त्याचेच चौरस फूट केले आणि ते राजवाड्याच्या नावावर चढवले. बकिंगहॅमचा आकडा आहे इमारतीच्या आतल्या मजल्यांचा. एकीकडे बाग, झाडं, मैदान सगळं धरून मोजायचं आणि दुसरीकडे फक्त फरशी, हा हिशेब किराणा दुकानातही कुणी खपवून घेणार नाही.

मग फेरीत काय सांगायचं? राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, ते १८८१ मध्ये वारल्यावर रॉबर्ट चिझम यांनी काम तडीस नेलं. इतकं सांगितलं तरी वास्तू लहान होत नाही. "चौपट"ची गोष्टही जरूर सांगा, पण भागाकारासकट. लोकांना ती खूप आवडते आणि घरी गेल्यावर ते स्वतः दुसरे मेसेज भागून बघायला लागतात.

"भारतात पहिलं" असा शब्दप्रयोग आला की मर्यादा जोडा. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची साखळी उभी केली, फिरत्या पेट्यांमधून गावोगाव पुस्तकं धाडली. यात "पहिलं" हा शब्द न घालताही छाती फुगते.

चौथी पायरी: कागद

छापील साधनांपासून सुरुवात करा. बडोदा राज्याचं १९२३ चं गॅझेटियर, दर वर्षीचे राज्यकारभाराचे अहवाल, दर दहा वर्षांच्या जनगणनेचे खंड आणि संस्थानची आज्ञापत्रिका. यातलं बरंच आता स्कॅन होऊन मिळतं. उरलेल्यासाठी मध्यवर्ती ग्रंथालय, विद्यापीठाचं ग्रंथालय आणि अभिलेखागार. हे सरकारी कागद आहेत हे विसरू नका. कारभार किती छान चालला आहे हे सांगण्यासाठीच अहवाल लिहिलेला असतो.

घरातल्या ट्रंकेतले कागद याहून मोलाचे. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, रावपुरा इथल्या जुन्या मराठी घरांत इनामाची, दत्तकाची, घरखरेदीची कागदपत्रं आजही निघतात, बरीचशी मोडी लिपीत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या ट्रंका आणि कपाटं भिजली. म्हणून वाचायची घाई नको, आधी फोटो.

फोटो खिडकीपाशी, उन्हाची थेट तिरीप टाळून आणि फ्लॅश बंद ठेवून घ्या. खाली पांढरी चादर, कडेला एक पट्टी, म्हणजे आकार कळतो. मागची बाजूही घ्या; खरी गंमत पुष्कळदा तिथल्या शेऱ्यात असते. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या आणि कुणाच्या घरचा, कधी घेतला हे त्याच दिवशी लिहा. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्या. "आम्ही सांभाळतो" म्हणून नेलेले कागद परत न आल्याचे किस्से प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

तारखांचा घोळ हमखास होतो. शक असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. संवत असेल तर गुजरातेत वर्ष कार्तिकापासून धरतात, म्हणून दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा आणि जानेवारीपासून ५६. मराठी दप्तरातल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. एका वर्षाचा फरक क्षुल्लक वाटतो, पण १८७५ सारख्या वर्षी राजाच बदललेला असतो. त्या वर्षी रेसिडेंट (संस्थानातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी) कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून तेव्हाचे महाराज मल्हारराव गायकवाड यांची चौकशी झाली. आयोगात तीन इंग्रज, तीन हिंदी. हिंदी सदस्यांनी आरोप शाबीत मानला नाही. तरी सरकारने गैरकारभाराचं कारण देऊन एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं आणि मेमध्ये कवळाण्याचा मुलगा गोपाळराव आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाई यांच्या मांडीवर दत्तक बसून सयाजीराव झाला. सयाजीरावांची गोष्ट सांगणाऱ्या बहुतेक फेऱ्या मल्हाररावांना एका वाक्यात निकालात काढतात. तसं करू नका. राजा कोण हे तेव्हा कलकत्त्यात ठरत होतं, हे त्याशिवाय कळत नाही.

पाचवी पायरी: जाणती माणसं

विलीनीकरणाच्या वेळी दहा वर्षांचं असलेलं माणूस आज पंचाऐंशी ओलांडून गेलं आहे. त्यांच्याशी बोलायचं काम पुढे ढकलू नका.

"तेव्हा कसं होतं हो, काका?" असं विचारलं की "फार छान होतं, आता काही राहिलं नाही" एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा वस्तू धरून विचारा: शाळेत कुठल्या रस्त्याने जायचात? वाटेत कुणाची दुकानं होती? घरात पाणी कोण भरायचं, आणि ते माणूस कुठपर्यंत आत यायचं? हा शेवटचा प्रश्न साधा दिसतो, पण जातीच्या भिंतींचं उत्तर त्यातच मिळतं. साल आठवत नसेल तर खुंट द्या: विलीनीकरणाच्या आधी की नंतर, गुजरात वेगळा झाला (१९६०) तेव्हा घरात काय बोलणं झालं, नवनिर्माण आंदोलनाच्या (१९७४) वेळी तुम्ही नोकरीत होतात का?

रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्या आणि ती परवानगी रेकॉर्डवरच घ्या. नाव सांगायचं की नाही, काय वगळायचं, हे त्यांना ठरवू द्या. काकूंना वेगळं बसवून विचारा. काका समोर असले की त्या चहा करायला उठतात.

मग संहितेतल्या प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करा: का म्हणजे कागदावर आहे, सां म्हणजे सांगोवांगी, अं म्हणजे आपला अंदाज. सांगोवांगीचं फेकून द्यायचं नाही, पण "असं सांगतात" हे दोन शब्द तोंडातून निघालेच पाहिजेत.

सहावी पायरी: अवघड थांबा

प्रत्येक फेरीत एक जागा अशी हवी की तिथे आपल्यालाही थोडं अवघडल्यासारखं होईल. बडोद्यात ती जागा ठरलेली आहे: सयाजीबाग, म्हणजे आपली कमाटीबाग.

मराठी मंडळींचं आवडतं वाक्य: "आमच्या सयाजीरावांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली." खरं आहे. १९१३ मध्ये त्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार होता. बहुतेक लोक इथे थांबतात. तुम्ही पुढे चला. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्यात आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जायला बजावून गेले. दोन मित्र होते, एक हिंदू, एक ब्राह्मणाचा ख्रिस्ती झालेला. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारावं लागेल म्हणून टाळलं. गाडीच्या वेळेपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत काढले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि अठरा वर्षांनंतरही ते आठवलं की डोळ्यांत पाणी येतं असंही लिहिलं आहे.

बागेतल्या ज्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात तिथे दर २३ सप्टेंबरला मोठी गर्दी होते. अस्पृश्यता नष्ट करण्याचा संकल्प बाबासाहेबांनी इथेच केला, अशी श्रद्धा आहे. त्यांच्या त्या लेखी आठवणीत बाग आहे, सुन्न मन आहे, प्रतिज्ञेचे शब्द नाहीत. मग संकल्पापुढे "सां" लिहायचं का? लिहायचं. पण सांगताना तोंडावर फेकायचं नाही. जवळजवळ सगळं शहर ज्या माणसाला जागा देत नव्हतं, त्याच शहरात लोकांनी त्याच्या नावाची जागा स्वतः तयार केली, हाही इतिहासच आहे आणि त्याचं दुसरं साल पहिल्याइतकंच महत्त्वाचं. हा थांबा शक्य असेल तर तिथे दर वर्षी येणाऱ्या एखाद्या कार्यकर्त्याला सांगू द्या. आपण त्यांच्या वतीने गहिवरणं बरं दिसत नाही.

शिष्यवृत्ती आणि धर्मशाळा या दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगितल्या की गटात कुजबुज होते. कुणी म्हणेल, "महाराजांचा काय दोष?" दोषाची वाटणी करत बसू नका. राजाचा हुकूम आणि शहराची वागणूक यांत किती अंतर होतं, तेवढं दाखवा. महाराजांच्या हुकुमाने शाळा निघत होती आणि घरमालक भाड्याने खोली देत नव्हता.

सातवी पायरी: समोर कोण आहे ते बघा

बडोद्यातल्या फेरीत निम्मे गुजराती असतात. सुरत इथून दीडेकशे किलोमीटरवर. १६६४ आणि १६७० च्या सुरतेच्या स्वाऱ्या मराठी मुलगा पराक्रम म्हणून शिकतो. सुरतेच्या व्यापाऱ्याच्या घरात ती लूट असते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात "लूट म्हणायचं की नाही" यावरून राजकारण तापलं, ते मालवणचा शिवपुतळा पडल्यानंतरच्याच दिवसांत. तुमच्या फेरीत हा विषय निघाला तर दोन्ही बाजू सांगा: राज्य उभं करायला पैसा लागत होता, मोगलांचं सर्वात श्रीमंत बंदर जवळ होतं, आणि ज्यांची घरं खणली ती माणसं होती. शेजारी उभ्या असलेल्या गुजराती बाईंना ऐकवायला लाज वाटेल असं वाक्य मराठीतही बोलू नका. त्यांना मराठी कळतं. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्या आहेत त्या.

प्रत्यक्ष दिवस

थंडीत सकाळी सातला निघा. पंधरा ते वीस माणसं पुरेत. मांडवीच्या गल्लीत त्याहून जास्त उभी राहत नाहीत आणि दुचाकीवाले शिव्या घालतात. भोंगा नको. तांबेकर वाड्यात जाणार असाल तर तो पुरातत्त्व खात्याकडे आहे, वेळ आधी विचारा. १८४९ ते १८५४ दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा, भिंतीभर चित्रं. तिथे बोलू नका, लोकांना वीस मिनिटं नुसतं बघू द्या. भिंतीला हात लावू देऊ नका.

प्रत्येकाला एका पानाची संहिता द्या, का/सां/अं खुणांसकट, आणि खाली तारीख टाका. चूक कळली की नवीन तारखेची प्रत काढायची, जुनी लपवायची नाही. एक प्रत वाचनालयात द्या.

आता शेवटचं. फेरी गाजली की पुढच्या वेळी फोन येतो: अमुक नेत्यांना उद्घाटन करायचं आहे, बॅनर त्यांचाच, टोप्या त्यांच्याच. निवडणूक जवळ असेल तर फोन हमखास दोन पक्षांकडून येतो. सरळ नकार दिला तर कटुता येते. सांगा की साहेबांनी जरूर यावं, सातला काळ्या घोड्यापाशी उभं राहावं, चालायचं सगळ्यांबरोबर, हार-भाषण नाही, आणि संहितेत बदल होणार नाही. बहुतेक साहेबांना सात वाजता जमत नाही.